आपला एनएच फोर अंदमानात कसा काय गेला?

परवा आमच्या दाजींच्या ट्रकला वाठारच्या अलीकडं मागनं एका टेम्पोनं घासलं. कुणाला काही लागलं नाही, फाळका वाकला आणि एक टेल लॅम्प गेला एवढंच, पण क्लेम करायचा तर मोबाईलवर फॉर्म भरायला पाहिजे आणि घरात फॉर्म भरायचं काम म्हटलं की मलाच बसवतात. त्यात एक रकाना होता, रस्त्याचा नंबर. दाजी म्हणाले, "एनएच फोर घाल की, त्यात काय विचारायचं?" मी घातलं. खाली नकाशा होता, त्यावरची टाचणी कोल्हापूर सोडून उडाली आणि बंगालच्या उपसागरात अंदमानच्या बेटावर जाऊन बसली. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल हातात घेतला आणि म्हणाले, "वाठारात समुद्र कवा आला रे?"

तर टाचणीचं काही चुकलं नव्हतं. आज कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ४ खरंच अंदमानात आहे, आणि आपल्या दारातनं जाणारा तो ४८. असं होऊन पंधरा वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडं सगळे अजून 'फोर'च म्हणतात. आता सातारा-कागल सहापदरीच्या कामात नवे बोर्ड दिसायला लागलेत म्हणून लोक विचारतात की हा ४८ कुठला नवीन रस्ता आणि जुना ४ कुठं गेला. म्हटलं जरा बैजवार सांगूया.

रस्त्याला नंबर देतंय कोण

आपल्याकडं रस्त्यांच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वर राष्ट्रीय महामार्ग, खाली राज्य महामार्ग, मग जिल्हा मार्ग, मग गावचे रस्ते. ही वाटणी इंग्रजांच्या काळातली आहे, १९४३ ला नागपुरात देशभरातले चीफ इंजिनिअर जमले होते तिथं ती ठरली. स्वातंत्र्यानंतर १९५६ ला राष्ट्रीय महामार्ग कायदा आला आणि कुठला रस्ता राष्ट्रीय म्हणायचा हे ठरवायचा अधिकार केंद्र सरकारकडं गेला. केंद्र तसं राजपत्रात छापतं. राजपत्र म्हणजे सरकारचा स्वतःचा पेपर, त्यात छापून आलं की ते कायदेशीर झालं, मग गावात ते कुणी वाचो न वाचो. रस्त्याचा नंबरही त्यातच ठरतो आणि त्यातच बदलतो.

रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा, डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्याचा. लहानपणी एसटीच्या खिडकीतनं आम्ही पिवळे दगड मोजत पुण्याला जायचो, पण तो पिवळा म्हणजे दिल्लीचा रस्ता हे कुणी सांगितलं नव्हतं.

जुना हिशोब म्हणजे दवाखान्यातलं टोकन

आधीचे नंबर कसे होते? पहिले मोठमोठे रस्ते घेतले आणि त्यांना १, २, ३ देत गेले. १ दिल्ली-अमृतसर, २ दिल्ली-कलकत्ता, ३ आग्रा-मुंबई, ४ मुंबईजवळ ठाण्यातनं निघून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत मद्रास, ८ दिल्ली-मुंबई, ९ पुण्यातनं सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा. इथपर्यंत ठीक होतं, रस्ते कमी होते, ड्रायव्हरलोकांना तोंडपाठ होते.

पण मग रस्ते वाढत गेले. एखादा रस्ता राष्ट्रीय झाला की मोकळा असेल तो पुढचा नंबर त्याला चिकटवायचा, आणि मोठ्या रस्त्याला फाटा फुटला असेल तर ए, बी लावायचं, जसं बेळगाव-पणजी ४ ए. दवाखान्यात टोकन घेऊन बसतो तसं झालं. तुमचा नंबर ३७ असला तर शेजारच्या खुर्चीतला ३८ असेलच असं नाही, तो बाहेर चहा पीत उभा असतो. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला २०४ मिळाला. २०३ कुठं होता? ओडिशात, भुवनेश्वर-पुरी. आणि २०५? अनंतपूरकडनं चेन्नईला जाणारा. म्हणजे २०३, २०४, २०५ हे तीन सख्खे शेजारी नंबर आणि रस्ते देशाच्या तीन टोकांना. नंबर ऐकून रस्ता कुठला आहे हे सांगायची सोयच नव्हती, पाठ असेल तर असेल.

२०१० ला राजारामपुरी केली

२०१० च्या मार्चमध्ये केंद्रानं राजपत्र काढून देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर एकदमच बदलले. कल्पना काय होती ते कोल्हापूरकराला समजावणं एकदम सोपं आहे. जुन्या पेठेत पत्ता शोधायचा म्हणजे कसं, तालमीपाशी जावा, तिथनं बोळात शिरा, पुढं कुणाला तरी विचारा. माणूस तिथलाच असेल तर दोन मिनिटांचं काम, परका असेल तर तो फिरतोय अर्धा तास. राजारामपुरीत मात्र तसं नाही, गल्ल्यांना नंबर आहेत, तुम्ही पाचव्या गल्लीत उभे असाल आणि आठव्या गल्लीत जायचं असेल तर कुणाला विचारायची गरज नाही, कुठल्या अंगाला आकडा वाढतोय एवढं कळलं की चालायला लागायचं. नवीन पद्धतीत अख्ख्या देशाची राजारामपुरी करायचं ठरलं.

नियम दोनच. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याला सम नंबर, आणि तो पूर्वेकडनं पश्चिमेकडं वाढत जाणार. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला विषम नंबर, आणि तो उत्तरेकडनं दक्षिणेकडं वाढत जाणार. म्हणून नवीन १ आला काश्मीर-लडाखात आणि ८७ गेला तमिळनाडूत. तसंच २ आला आसाम, नागालँड, मणिपूर, मिझोरमकडं, आणि आपल्याकडचा कोकणातला मुंबई-गोवा, जो पूर्वी १७ होता, तो झाला ६६, कारण त्याच्या पलीकडं अरबी समुद्रच आहे. मधे ४४, श्रीनगर ते कन्याकुमारी, त्यात तर सात जुने नंबर कुठं पूर्ण, कुठं अर्धे असे विरघळले.

आता अंदमान का, ते कळलं असेल. सम नंबर पूर्वेकडनं चालू होतात आणि अंदमान पार पूर्वेला, म्हणून ४ तिकडं गेला. तिथला तो रस्ता पूर्वी २२३ होता. (आणि गंमत म्हणजे तो जिथनं जातो त्या पोर्ट ब्लेअरचंही नाव २०२४ ला बदलून श्री विजयपुरम झालंय, म्हणजे तिथल्या माणसाचा तर पत्ताच दोन्ही बाजूंनी बदलला.)

आपला जुना ४ आणि दिल्ली-मुंबईचा जुना ८ हे एकाला एक जोडून सलग रस्ता केला, दिल्ली, जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बंगळूर, चेन्नई. लांबी साधारण २८०० किलोमीटर, नंबर ४८. देशात एवढी उलथापालथ झाली पण आपल्या पट्ट्यातल्या पेंटरचं नशीब बघा, जुन्या ४ च्या पुढं नुसता ८ काढला की झालं. किणीच्या पुढं एका धाब्याच्या भिंतीवर मी बघितलंय, ४ ऊन खाऊन फिका गुलाबी झालेला आणि शेजारचा ८ लालभडक.

"मग १६६ म्हणजे काय, एवढे हायवे झाले व्हय?"

नाही, तीन आकडी नंबर म्हणजे फाटा. शेवटचे दोन आकडे आईबापाचे, पहिला आकडा म्हणजे कितवं पोर. १६६ म्हणजे ६६ चा पहिला फाटा. रत्नागिरीकडनं ६६ वरनं सुटतो, आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर, मिरज, सांगोला करत सोलापूर गाठतो. हाच आपला जुना २०४. लोक त्याला रत्नागिरी-नागपूर म्हणतात, पण नव्या हिशोबात त्या नावाचा एक नंबर राहिलेला नाही, सोलापूरपर्यंत १६६, मग तुळजापूरपर्यंत ५२ वरनं आणि तिथनं पुढं लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा हा ३६१. तसंच बेळगाव-पणजी जो ४ ए होता तो आता ७४८, म्हणजे ४८ चा सातवा.

पण पहिला आकडा १ ते ९ एवढाच, म्हणजे एका रस्त्याला नऊच पोरं. इकडं रस्ते तर वाढतच चाललेत, २०१४ च्या सुमाराला देशात राष्ट्रीय महामार्ग ९१ हजार किलोमीटर होते, दहा वर्षांत ते १ लाख ४६ हजारांवर गेले. मग नातवंडांना अक्षरं लावायला सुरुवात झाली. तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर झाला १६६ जी. संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली-बांदा झाला ५४८ एच. इथं मात्र गडबड आहे. ५४८ स्वतः पनवेलजवळ कळंबोलीकडं, त्याचा सी साताऱ्यातनं निघतो, डी तळेगावातनं, आणि एच आपल्या गडहिंग्लजला. म्हणजे बाप मुंबईला आणि नातवंडं गावोगाव विखुरलेली, एकमेकांची तोंडंसुद्धा बघितलेली नाहीत. ज्या टोकनच्या पद्धतीला कंटाळून हे सगळं केलं तीच पद्धत अक्षरांच्या मागच्या दारानं परत आत आली, असं माझं मत आहे.

"नियम तर इथंच मोडलाय की"

नकाशा काढून बसलेला एखादा हमखास विचारणार, आणि बरोबर विचारणार. सोलापूरवरनं विजापूरला जाणारा रस्ता आहे ५२. सोलापूर आपल्या पूर्वेला. नंबर जर पश्चिमेकडं वाढत जात असेल तर आपला ४८ आणि आपल्या पूर्वेचा ५२ कसा? उलटं पाहिजे ना?

मला पण हे आधी कळत नव्हतं, मग दोन्ही रस्ते वरपासनं बोटानं काढत आणले तेव्हा उजेड पडला. ५२ निघतो पंजाबात संगरूरला, हिसार, सीकर करत जयपूरला येतो. ४८ निघतो दिल्लीला आणि तोही जयपूरला येतो. तिथंवर ५२ पश्चिमेला आहे आणि ४८ पूर्वेला, नियम अगदी बरोबर. जयपूरला दोघं एकमेकाला छेदतात, मग ४८ वळतो उदयपूर-अहमदाबादकडं म्हणजे पश्चिमेला आणि ५२ कोटा, इंदूर, धुळे, बीड, सोलापूर असा मधनं खाली येतो. म्हणजे आपल्यापर्यंत येईतोवर दोघांनी जागा बदललेल्या असतात. आणि खाली हुबळीला परत भेटतात! दोन-दोन, तीन-तीन हजार किलोमीटरचे रस्ते काही पट्टी धरून आखलेले नसतात, डोंगर, नद्या, जुन्या बाजारपेठा बघत ते वळतात, आणि नंबर मात्र एकच द्यायचा. तेव्हा राजारामपुरीसारखा काटेकोर हिशोब इथं धरू नका, नुसता अंदाज धरा. ४० च्या घरातला सम नंबर ऐकला की देशाच्या मधल्या-पश्चिम पट्ट्यात, ६० च्या घरातला ऐकला की आणखी पश्चिमेकडं, एवढं कळलं तरी बास.

खड्डे तेच, मग उपयोग काय?

कट्ट्यावर हा प्रश्न येणारच. खड्ड्याला नंबर बदलल्याचं काही सोयरसुतक नाही हे खरं. पण लांबच्या गाडीला फरक पडतो, अहमदाबादहून बंगळूरला माल न्यायचा तर आता बोर्ड बघत एकाच नंबरवर राहायचं, पूर्वी मुंबईत ८ सोडून ४ धरावा लागायचा. मॅपवाल्या ॲपला, पोलिसांना, रस्ता दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराला एकच आकडा पाहिजे असतो.

तोटा झाला तो आपल्यासारख्या मधल्यांचा, कारण बदल राजपत्रात एका दिवसात झाला आणि जिभेवर अजून व्हायचाय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि जवळजवळ आठवडाभर पुणे-बंगळूर वाहतूक बंद होती. त्या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर एका मेसेजमध्ये 'एनएच ४ बंद', दुसऱ्यात 'एनएच ४८ बंद'. पुण्यात अडकलेल्या आमच्या मावशीला वाटलं दोन रस्ते बंद झाले, आणि मुंबईच्या भाच्याला वाटलं ४ बंद आहे तर ४८ नं येऊया. तो निघाला पण होता, साताऱ्यातनं परत फिरवला. मला विचाराल तर नवीन बोर्डावर खाली बारीक अक्षरात 'जुना ४' असं दहा-पंधरा वर्षं तरी लिहायला पाहिजे होतं. दोन ब्रश पेंटचा खर्च.

ज्यांची जमीन रस्त्यात गेलीय त्यांना वेगळी धास्ती असते, की कागदावर २०४ आणि आता म्हणतात १६६, मग आपला कागद बाद झाला की काय. भूसंपादनाच्या अधिसूचनेत खरी ओळख असते ती गाव, गट नंबर आणि क्षेत्राची. महामार्गाचा नंबर बदलला म्हणून तुमचा गट जागचा हलत नाही. कागद मात्र जुने-नवे दोन्ही एकत्र ठेवा, ऑफिसात टेबलामागं बसलेल्याला हे पटवायला कधीकधी वेळ लागतो.

नंबर बदलणं वेगळं आणि दर्जा बदलणं वेगळं

लोक इथं सगळ्यात जास्त घोटाळा करतात. ४ चा ४८ झाला तेव्हा रस्ता राष्ट्रीयच होता आणि राष्ट्रीयच राहिला, नुसती पाटी बदलली. पण गगनबावड्याचा रस्ता राज्याकडनं राष्ट्रीय झाला तेव्हा पाटीबरोबर मालकही बदलला, म्हणजे रुंदी, डागडुजी, पैसा, सगळ्याची जबाबदारी केंद्रावर. पोरगीचं नाव बदलणं आणि पोरगी सासरी जाणं यात जेवढा फरक तेवढा.

उलटंही होतं. बायपास झाला की गावातनं जाणारा जुना तुकडा राष्ट्रीय यादीतनं निघतो आणि राज्याच्या नाहीतर महापालिकेच्या गळ्यात पडतो. आणि दर्जाला किती किंमत असते हे बघायचं असेल तर २०१६-१७ आठवा. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ ला सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासनं ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, नंतर वीस हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावांना ते २२० मीटर केलं. झालं, दुकान हलवण्यापेक्षा महामार्ग हलवणं सोपं पडलं! चंडीगडनं शहरातल्या रस्त्यांचा दर्जाच बदलून टाकला, डांबराचा एक खडा हलला नाही आणि हायवे गायब. प्रकरण परत कोर्टात गेलं तेव्हा २०१७ च्या जुलैत कोर्टानंही शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांबाबत त्यात काही चूक धरली नाही. आपल्याकडंही त्या काळात रस्ते महापालिकांकडं द्यायची भलतीच घाई झाली होती आणि प्यायला न जाणारी माणसंसुद्धा टेप घेऊन अंतर मोजत होती.

नंबर कशाला, नाव द्या की

नाव लोकांच्या तोंडी बसतं, हे खरं. पुणे-बंगळूरला आपण पीबी रोड म्हणतो, कोल्हापुरात अजून पत्त्यात 'जुना पुणे-बेंगलोर रोड' लिहितात, बेळगाव-हुबळीकडं तर पीबी रोडशिवाय दुसरं बोलतच नाहीत. आणि हे पीबी भलतंच चिवट निघालं. पूनाचं पुणे झालं, बॅंगलोरचं २०१४ ला बेंगळुरू झालं, तरी पी तो पी आणि बी तो बी.

पण नावाचा एक त्रास असतो, एकाच रस्त्याला कितीही नावं पडतात. आपलाच घ्या. पीबी रोड, एनएच ४, एनएच ४८, दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाची एक बाजू, आणि त्याच्यावर आशियाई महामार्ग ४७ पण. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी हेच झालं होतं, वेगवेगळ्या संघटनांनी रस्त्यांना आपापली नावं दिली, एकाच खांबावर चार-चार खुणा, परक्याला काही कळेना, शेवटी १९२६ ला सरकारनं नावं बाजूला ठेवून आकडे लावले. त्यातला एक ६६ नंबर इतका गाजला की १९८५ ला यादीतनं काढून टाकला तरी लोक अजून तो शोधत जातात. म्हणजे आकड्यावर पण जीव जडतो, तसं नाही असं नाही.

आणि नवीन द्रुतगती रस्ते बघा, मुंबई-पुण्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव, समृद्धीला बाळासाहेब ठाकरेंचं, आणि ज्याच्यावरनं आपल्या जिल्ह्यातले शेतकरी मोर्चे काढतात तो शक्तिपीठ. हे सगळं नावानंच ओळखलं जातं. नावावर सभा होते, भांडण होतं, फलक लागतो. ४८ साठी कोण उपोषणाला बसणार?

मग फॉर्ममध्ये काय घालायचं

रस्त्याचा नंबर विचारला तर ४८ घाला आणि कंसात 'जुना ४' लिहा. जवळचा किलोमीटरचा दगड दिसत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, नंबरापेक्षा तोच कामाला येतो, २८०० किलोमीटरच्या रस्त्यावर नुसतं ४८ म्हणून कोण शोधणार. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ ला फोन लागतो, तिथंही दगडावरचा आकडा आणि पुढं-मागं कुठलं गाव हेच सांगायचं.

दाजींचा फॉर्म मी तसाच भरला. टाचणी समुद्रातनं काढली, वाठारला आणून ठेवली, सबमिट केलं. दाजींना हे सगळं वर लिहिलंय तसं समजावून सांगितलं, राजारामपुरीसकट, त्यांनी मान पण डोलावली. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला, पुण्यातनं रिकामी गाडी घेऊन निघालोय म्हणून. दाजी म्हणाले, "सरळ फोर धरून ये, आणि सांगली फाट्याला थांब, मी येतो."